१९२ किलोहर्ट्झमध्ये कुकरची शिट्टी

जालन्यात बियाण्यांच्या कंपनीत आयुष्य काढलं की माणसाला एक खोड लागते. कुठलीही वस्तू हातात आली की तो आधी तिची पाठ फिरवून लेबल वाचतो. संकरित ज्वारीच्या पिशवीवर उगवणशक्ती किमान ७५ टक्के, लॉट नंबर, चाचणीची तारीख. एवढं वाचलं की आपल्याला सगळं कळलं. पुढे पाऊस असतो, जमीन असते, पेरणारा असतो, पण ते काही लेबलावर छापत नाहीत. शिवाय मी हिशेब खात्यात होतो, त्यामुळे लेबलाच्या पलीकडे जायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. निवृत्तीनंतर आली, तीही गाण्याच्या निमित्ताने.

समर्थ रामदासांचा जन्म आमच्याच जिल्ह्यातला. घनसावंगी तालुक्यातलं जांब, साल १६०८. मनाचे श्लोक अख्खा महाराष्ट्र म्हणतो, मोठमोठ्या गळ्यांतून ते येऊन गेलेत, पण माझ्या गळ्यातून अजून आलेले नाहीत, ही उणीव मला एका रामनवमीला जांबहून परतताना एसटीत जाणवली. दुसऱ्या कोणाला ती जाणवल्याचं ऐकिवात नाही. एकूण २०५ श्लोक. घरात पेटी आहे, पांढरी एकमध्ये माझा गळा लागतो (असं माझं मत आहे), आणि जुन्या जालन्यातल्या आमच्या घरावर पत्र्याची एक खोली रिकामी पडलेली आहे. मग राहिलं काय? यंत्र.

पुण्याच्या भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, लॅपटॉपच्या भोकात माईक खुपसू नका. एक यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या. स्वस्तातला कुठलाही घ्या, हल्ली सगळेच बरे असतात. आधी खोलीचं बघा."

कुठलाही घ्या! कुठलंही बी घ्या, असं कोणी शेतकऱ्याला सांगितलेलं मी उभ्या नोकरीत ऐकलं नव्हतं. खोलीचं वाक्य मी तिथेच सोडून दिलं आणि दोनशे पानी वही आणली.

हा इंटरफेस म्हणजे हातात मावेल एवढा डबा. माईकमधून येणारी वीज इतकी किरकोळ असते की ती मिलिव्होल्टमध्ये मोजावी लागते. ती आधी फुगवायची, मग सेकंदाला हजारो वेळा तिचं माप घ्यायचं, ती मापं आकड्यांत करून यूएसबीच्या वायरीने लॅपटॉपला पाठवायची, एवढं त्याचं काम. सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० मापं पुरतात, कारण माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि त्याच्या दुपटीहून जरा जास्त मापं घेतली की सगळं पकडता येतं. माझ्या वयाला २० किलोहर्ट्झ सोडाच, १२ ऐकू आले तरी डॉक्टर पाठ थोपटतील. तरीही वहीत रकाने आखून झाल्यावर १९२ किलोहर्ट्झ हा आकडा मला जो आवडला तो आवडलाच. त्यात ९६ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज येतो. म्हणजे माझं गाणं वटवाघळांनाही पुरेपूर ऐकता आलं असतं. त्यांनी तशी मागणी केलेली नव्हती.

वही भरत गेली. बेहरिंगरचा यूएम२ सगळ्यात स्वस्त, पण मापं ४८ किलोहर्ट्झपर्यंतच, कटाप. फोकसराइटच्या स्कार्लेट सोलोला माईकचं भोक एक, टूआयटूला दोन. मी एकटा गाणार, पण पेटीला वेगळा माईक नको? मग प्रेसोनस, मग एम-ऑडिओ. चार-पाच हजारांपासून पंधरा-वीस हजारांपर्यंत सगळे रांगेत उभे. स्कार्लेटच्या बटणाभोवती दिव्याचं कडं असतं, आवाज नीट असला की हिरवं, फाटला की लाल. या कड्यासाठी मी वेगळा रकाना आखला आणि त्याला दहापैकी गुण दिले. रोज सकाळी चहा झाला की मी वहीला बसायचो. खरं सांगायचं तर इतका आनंद मला पुढे गाण्यातसुद्धा मिळाला नाही. निवड चालू असेपर्यंत माणूस गायकच असतो, आणि कोणी त्याला गायला सांगत नाही.

बायको मात्र एकदा वहीत डोकावून म्हणाली, "अहो, यात गाणाऱ्याचा रकाना कुठंय?"

गावात चौकशी करावी म्हणून एका साऊंडवाल्याच्या दुकानात गेलो. माणसापेक्षा उंच स्पीकर दोन्ही बाजूंना उभे, मध्ये शेठ.

"काका, लग्नाचं आहे का जागरणाचं?"

"घरात गायचंय."

"बरं. किती पब्लिक राहील?"

"कोणीच नाही."

शेठने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि पोराला चहा सांगितला. निघताना म्हणाला, "सोळा चॅनेलचा मिक्सर आहे सेकंडहँड. घरातली माणसं वाढली तर कामाला येईल."

शेवटी डबा मागवला. कोणता ते सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात त्या डब्याचा काडीचा दोष नव्हता आणि उगाच त्याची बदनामी नको. सोबत कंडेन्सर माईक. डबा उघडून सगळं टेबलावर मांडलं तेव्हा कळलं की माईकला तीन पिनांची एक्सएलआर केबल लागते आणि ती कोणी फुकट देत नाही. वहीत तिचा रकानाच नव्हता.

धीर कुठला धरवतो! भजनी मंडळाचा एक जुना माईक घरात होता, त्याच्या वायरीला जाड गोल पिन. डब्यावरच्या भोकात ती पिनही बसते आणि ती तीन पिनांचीही बसते, अशी त्या भोकाची रचना. पिन बसली, मी गायलो, लॅपटॉपवर रेघ हलेना. आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिरगाळलं. मग सू असा आवाज आला आणि त्या सूच्या मागे, कुठेतरी बदनापूरच्या आसपास, मी गात होतो. भाच्याने फोनवर सांगितलं, "मामा, गोल पिन घातली की तो डबा तिला माईक समजतच नाही. गिटार नाहीतर कीबोर्ड समजतो. माईक फुगवणारा भाग त्या तीन पिनांच्या मागे असतो." अखेर शेजारच्या मंडपवाल्याच्या पोराने आपली केबल दिली. जाताना बजावून गेला की तिथीला परत पाहिजे, लग्न आहे.

आता ४८ व्होल्टचं बटण. कंडेन्सर माईकला चालायला वीज लागते आणि ती डबा त्याच केबलमधून देतो. चार ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या तर होतात तेवढे व्होल्ट, आणि मी ते तोंडासमोर धरून गाणार. करंट मिलिअँपियरमध्ये असतो, त्याने मुंगीही दचकत नाही, हे माहितीपत्रकात नव्हतं. म्हणून मी रबरी चपला घातल्या, डावा हात पाठीमागे धरला आणि लाकडी पट्टीने बटण दाबलं. लाल दिवा लागला. खालून बायकोने विचारलं, "मेन स्विच बंद करू का?"

माईक जिवंत झाला तसं मी हेडफोन लावून पहिला श्लोक सुरू केला. माझा आवाज कानात आला, पण उशिरा. लॅपटॉप ती मापं घोळक्याने गोळा करतो आणि मग पुढे पाठवतो. लॅपटॉप अजून सीडीच्या ४४,१०० वरच होता, आणि त्यात घोळका २०४८ मापांचा असला तर एका बाजूनेच ४६ मिलिसेकंद जातात, येऊन-जाऊन त्याच्या दुप्पट. आवाज मिलिसेकंदाला साधारण ३४ सेंटिमीटर चालतो, तेव्हा हिशेब असा की मी माझ्यापासून तीस मीटरवर उभा राहून गात होतो. चांगल्या घरचा माणूस मागे राहिलेल्यासाठी थांबतो. मी थांबलो. तोही थांबला. मी आणखी संथ झालो. भुजंगप्रयात वृत्ताला एक चाल असते, चांगला दौडत जातो तो. माझ्या हाती लागल्यावर त्या भुजंगाला धाप लागली.

"मामा, घोळका लहान करा. नाहीतर सरळ डायरेक्ट मॉनिटरचं बटण दाबा. माईकचा आवाज लॅपटॉपला वळसा न घालता हेडफोनमध्ये येतो."

"कुठाय ते?"

"डब्यावर. समोरच."

होतं. समोरच होतं. त्याचा मी वहीत रकानाही केलेला होता.

यानंतर घूं सुरू झाली. लॅपटॉपला चार्जर लावला की कानात एक अखंड घूंऽऽ. आपली वीज ५० हर्ट्झची. घरातली अर्थिंग धड नसली की ती असली गुरगुर आवाजाच्या वायरीत सोडते. मला ते कळलं नाही. मला एवढंच कळलं की पेटीवर सा दाबला की ही घूं छान लागते. ताडून पाहिलं तर ५० हर्ट्झ म्हणजे खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचच्या जवळ, किंचित चढी. माझा सा पांढरी एक. म्हणजे विजेच्या तारा मला पंचम देत होत्या! तानपुरा घ्यायचा खर्च वाचला म्हणून मी काही दिवस त्या पंचमावर रियाजही केला. भाच्याने ती फाइल ऐकून विचारलं, "मामा, मागे डंपर उभा आहे का?"

ओळखीच्या वायरमन मिस्त्रींना बोलावलं. हे गृहस्थ एमआयडीसीतल्या स्टील कारखान्यात, जिथे विजेवर टनांनी लोखंड वितळतं आणि सळया होऊन निघतं. त्यांनी माझ्या डब्याकडे पाहिलं, ४८ व्होल्टच्या दिव्याकडे पाहिलं, हसू दाबलं आणि सरळ अंगणात गेले.

"साहेब, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी कधी टाकलं होतं?"

"खड्डा आहे?"

होता. तुळशीच्या मागे, फरशीखाली. त्यात कोळसा आणि मीठ भरून पट्टी पुरलेली असते आणि तो ओला राहिला तरच वीज जमिनीत नीट उतरते. आमचा खड्डा फुफाट्यासारखा कोरडा होता. मिस्त्री म्हणाले, "दोन बादल्या टाका, मग आठवड्याला एक टाकत राहा. काही करू नका दुसरं."

दुसरं काही करू नका म्हणे! जालन्यात मे महिन्यात कोणाला सांगावं की आठवड्याला एक बादली पाणी खड्ड्यात ओता. पैठणहून निघालेलं पाणी आमच्या नळाला ज्या दिवशी येतं तो दिवस आमच्याकडे सणासारखा पाळतात. पाव्हणा आला तरी आधी त्याला नळ कधी आला होता ते सांगतात. घागरी, पिंप, टाकी, पातेली, लेकराची खेळण्यातली बादली, सगळं भरून घेतात. अशा घरात मी भर दुपारी बादली घेऊन तुळशीकडे निघालो.

"तुळशीला मी सकाळीच घातलंय."

"तुळशीला नाही. मागच्या खड्ड्याला."

"काय आहे त्या खड्ड्यात?"

"पंचम."

त्यानंतर आमच्यात जे बोलणं झालं ते ध्वनिमुद्रित झालं नाही, हे बरंच झालं. तडजोड अशी निघाली की भांडी विसळलेलं पाणी खड्ड्याला. दोन दिवसांत घूं गेली. पंचमाची मला सवय झाली होती. तो गेल्यावर माझा सा कुठे लागतोय ते एकट्यानेच ऐकावं लागलं.

मग खोली. कंडेन्सर माईक फार गुणी असतो, तो कोणालाच नाही म्हणत नाही. २४ बिटमध्ये कागदावर १४४ डेसिबलची जागा मिळते, एवढी की टाचणी पडल्यापासून विमान उडेपर्यंत सगळं मावावं. आमच्या पत्र्यावर पारवे राहतात. त्या जागेचा खालचा मजला त्यांनी आधीच धरलेला. वर पंखा, गल्लीत भंगारवाल्याची रेकॉर्ड, मोसंबीवाल्याची रेकॉर्ड, आणि दोघांचा उच्चार माझ्याहून स्वच्छ. पंखा बंद केला, खिडक्यांना वाकळी टांगल्या, दार लावलं. बाहेर ४२ अंश, वर पत्रा. पहिल्या श्लोकाच्या दुसऱ्या चरणापर्यंत मी घामाने निथळलो आणि तिसऱ्याला खाली कुकर झाला.

१९०२ साली गौहर जानचं गाणं कोलकात्यात तबकडीवर घेतलं तेव्हा तिला कर्ण्यात तोंड घालून जेमतेम तीन मिनिटांत ख्याल आटपावा लागला होता, आणि शेवटी आपलं नाव इंग्रजीत ओरडून सांगावं लागलं होतं, जर्मनीतल्या कारखान्यात तबकडी कोणाची ते समजावं म्हणून. माझ्याकडे वेळेची मर्यादा नव्हती. १९२ किलोहर्ट्झ, स्टिरिओ, मिनिटाला सुमारे ६९ एमबी. लॅपटॉपची डिस्क भरून वाहिली तेव्हा त्यात मनाचे श्लोक फारसे नव्हते, 'अगं, दार लाव' मात्र पुष्कळ होतं.

त्यातल्या त्यात बरा तुकडा भाच्याला पाठवला. त्याचा आवाजी निरोप आला. "मामा, आवाज एकदम क्लिअर आलाय." थोडा वेळ शांतता. "खूपच क्लिअर आलाय, मामा. कमी करता येतो मला तो. करू का?"

बायकोलाही ऐकवला. तिने हेडफोन दोन्ही हातांनी दाबून शेवटपर्यंत ऐकलं. चेहरा उजळला. "अहो, आपला कुकर किती छान आलाय! शिट्टी तोंडावर बसल्यासारखी वाटते. आमच्या मंडळाचा हरिपाठ घ्याल का यात?"

हरिपाठ मंडळाच्या बायका आल्या. त्यांनी पंखा चालू ठेवला, वाकळी काढून घड्या घालून ठेवल्या, दारं उघडी टाकली आणि एका दमात, टाळांसकट, सुरात म्हटलं. पारवेही त्यात बसून गेले. मला त्यांनी दिव्याच्या कड्यावर लक्ष ठेवायला बसवलं होतं. लाल झालं की हात वर करायचा. नंतर मंडळाच्या खजिनदारबाई डबा उलटा करून बघत म्हणाल्या, "भाऊजी, याला भोकं दोनच. पुढं गाणाऱ्या आम्ही चौघी. बाकीच्या दोघींनी काय करायचं?"

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "एकीनं कुकर बघायचा. दुसरीनं खड्ड्याला पाणी घालायचं."