उकिडवा योगी

गुडघ्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "पूर्वी काही श्रमाचं काम करत होता?" मी मान ताठ केली. "विकेटकीपर होतो." त्यांनी कागदावर लिहिलं, 'वजन कमी करणे.'

तांड्याच्या टीमनं मला स्टंपांमागे ठेवलं ते हात बघून नव्हे, हेही आता सांगून टाकतो. मागे तुरीचं शेत होतं. चेंडू तुरीत शिरू नये म्हणून तिथं काहीतरी रुंद लागायचं. मी मात्र घरी सांगितलं, कीपर म्हणजे अर्धा कॅप्टन. अमरावतीचा जितेश शर्मा 2025 ची आयपीएल जिंकणाऱ्या बंगळुरूचा कीपर होता. तेव्हापासून आमचं गाव पोहरादेवी ते अमरावती हे अंतर मी जरा कमीच सांगतो.

पण माझा खरा गुरू न्यूयॉर्क यँकीजचा योगी बेरा. बेसबॉल मला कळत नाही. कॅचर म्हणजे तोंडाला जाळी लावलेला, उकिडवा बसलेला कीपर, एवढं कळतं. त्याचं नाव लॉरेन्स. मित्रानं पडद्यावर हिंदुस्थानातला योगी पाहिला, हाही तसाच बसतो म्हणाला, आणि नाव चिकटलं. या योग्यानं 10 वेळा वर्ल्ड सिरीज जिंकली. 1956 मध्ये डॉन लार्सनच्या 'परफेक्ट गेम'ला मागे तोच होता: 27 बॅट्समन आले, 27 परत गेले. माझ्यामागून बायचेच तेवढे गेले असतील.

म्हणजे उकिडवं बसायला तिकडं पगार मिळतो! आपल्याकडं ही कला फुकट वाया चालली आहे. रामनवमीच्या यात्रेत बघा: चुलीपुढं उकिडवं, नळापुढं उकिडवं, न्हाव्यापुढं उकिडवं, बसची वाट बघताना उकिडवं. सोयाबीन सोंगणारी बाई तर दिवसभर उकिडवीच सरकते, आणि तिला कुणी ग्लोव्ह्ज देत नाही.

मला मिळाले होते. याडीनं, म्हणजे आईनं, शिवले होते. पोत्याचं कापड, आत गोधडीचे थर, वर कशिदा, कवड्या आणि आरसे. पहिल्याच मॅचला बॅट्समननं तक्रार केली, "कीपर चमकतो." सगळे हसले. मी घरी येऊन तिच्यासमोर एकेक आरसा ओरबाडून अंगणात फेकला. ती काही बोलली नाही. उकिडवी बसून धुळीतून आरसे वेचत राहिली.

2024 मध्ये गावात बंजारा समाजाचं नंगारा संग्रहालय उघडलं, तेव्हा मनात आलं, ते ग्लोव्ह्ज द्यावेत. खाली पाटीवर माझं नाव, जमलं तर फोटो. पेटी खाटेखाली होती. वाकवेना, म्हणून याडीलाच हाक मारली. ग्लोव्ह्ज निघाले, आरशांच्या जागी रिकामे गोल. आरसे तिच्या जुन्या कांचळीवर, म्हणजे चोळीवर, होते. तिथूनच काढले होते, तिथंच परत टाकले होते.

पाटीवर कुणाचं नाव घालायचं, ते तिथंच ठरलं.

ऐंशीची म्हातारी पेटीपुढं उकिडवी बसलेली. हुं की चूं नाही. वर बघून म्हणाली, "तू उभा का रे? बस की."