पाणी भरलं, आता राखा

मे महिन्यात वरोऱ्याचा पारा 45 च्या पुढे सरकतो. नवतप्यात तर रात्रीसुद्धा भिंतीला हात लावावासा वाटत नाही. शाळांना सुट्ट्या, बाहेर लू, आणि घरातल्या पोट्ट्यांना दुपारभर कुलरसमोर बसवून ठेवणं कुठल्याच आईबापाला जमत नाही. मग अंगणात स्विमिंग पूल येतो. लोखंडी पाइपांचा सांगाडा, त्यावर ताणलेलं निळं प्लास्टिक. खड्डा नको, गवंडी नको, अर्ध्या दिवसात उभा. ही हौस रास्त आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या उन्हाळ्यात पोरांना पाण्यात खेळू देणं ही चैन नव्हे. माझा प्रश्न पाणी भरल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होतो.

दहा फूट व्यासाच्या आणि अडीच फूट उंचीच्या अशा टाक्यात साधारण साडेचार हजार लिटर पाणी मावतं. म्हणजे साडेचार टन वजन. विकत घेताना रंग बघतात, किंमत बघतात, हे वजन कुणी बघत नाही.

म्हणून पहिली गोष्ट, गच्चीवर नको. माणसांची ये-जा असलेल्या सपाट स्लॅबवर चौरस मीटरला सुमारे 150 किलो वजन येईल असं धरून बांधकाम करतात, हे आयएस 875 या मानकात लिहिलेलं आहे. दोन फूट पाणी चौरस मीटरला सहाशे किलोंचा भार टाकतं. चौपट! वर त्यात उड्या मारणारी चार मुलं. "आमचा स्लॅब मजबूत आहे" या वाक्याच्या भरवशावर घराचं छत सोडू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी दिलं तरच गच्ची, नाहीतर अंगण.

अंगणातही आपली काळी माती आहे. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. टाक्याभोवती पाणी सांडतं, एका बाजूचा पाय रुततो, सांगाडा कलतो, आणि कलत्या टाक्यातलं सगळं पाणी खालच्या बाजूला रेटा देतं. जागा आधी उकरून मुरूम टाका, पाणी मारून चांगला धुम्मस करा, वर चाळलेली रेती पसरा, प्रत्येक पायाखाली फरशीचा तुकडा ठेवा. लेव्हल नळीने तपासा, नजरेने नको. पाणी भरल्यावर यातलं काहीच दुरुस्त करता येत नाही.

आता पाणी. आमच्या ओळखीच्या एका घरी टाकं भरून आठवडा होत आला होता. क्लोरीन किती टाकता, असं विचारलं. उत्तर आलं, "भाऊ, पाणी तं निळंच दिसते ना!" निळं पाणी नव्हतं, प्लास्टिक होतं. पांढऱ्या बादलीत तेच पाणी काढून बघितलं तेव्हा हिरवट झाक दिसली. घरच्यांचा दोष मी म्हणणार नाही. खोक्यावर हसरी मुलं छापलेली असतात, आतल्या पुस्तिकेत सूचना बारीक अक्षरात असतात, आणि विकणारा पाण्याबद्दल एक शब्द बोलत नाही. पण पाण्यात उतरतात ती आपली पोरं, म्हणून शिकावं आपल्यालाच लागतं.

शिकायला कठीण काहीच नाही. आपल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत जलसुरक्षक आहे, तो विहिरीत आणि टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतो आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन उरला का हे बघणारी ओटी टेस्ट करतो. तेच शास्त्र अंगणात आणायचं आहे, आकडे फक्त वेगळे. पिण्याच्या पाण्यात शेवटच्या नळाला लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरला तरी चालतो. पोहण्याच्या पाण्यात 1 ते 3 मिलिग्रॅम लागतो, कारण तिथे घाम, तेल, माती आणि (स्पष्टच बोलतो) लघवी सतत पडत असते. ताज्या टीसीएलमध्ये 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. साडेचार हजार लिटरला 2 मिलिग्रॅमच्या हिशेबाने सत्तावीस ग्रॅम पावडर झाली. पिशवी उघडी राहिली असेल तर ताकद उतरलेली असते आणि पाणी घाण असेल तर क्लोरीन त्या घाणीतच खर्च होतो, म्हणून या हिशेबावर थांबायचं नाही. तपासणीच्या पट्ट्या मिळतात. मुलं उतरण्याच्या आधी पट्टी बुडवायची, रंग बघायचा, मगच त्यांना उतरवायचं. पट्टी नसेल त्या दिवशी पोहणं नाही.

पावडर थेट टाक्यात भुरभुरवू नका. प्लास्टिकच्या बादलीत आधी पाणी घ्या, त्यात पावडर ढवळा, अर्धा तास ठेवा, वरचं निवळ टाका, तळातला चुना फेकून द्या. हे काम दिवस मावळल्यावर करायचं. आपल्या उन्हात साधा क्लोरीन दोन-तीन तासांत बहुतेक उडून जातो. सकाळी टाकलेला डोस दुपारी पोरं उतरतात तेव्हा उरलेलाच नसतो. आणि टीसीएलजवळ ॲसिडची बाटली नको, दुसऱ्या प्रकारच्या क्लोरीनच्या गोळ्याही त्यात मिसळायच्या नाहीत. ॲसिडशी गाठ पडली तर विषारी वायू निघतो, आणि गोळ्या मिसळल्या तर आग लागू शकते.

दुसरा आकडा सामूचा, म्हणजे पीएचचा. तो 7.2 ते 7.8 च्या मधे हवा. बोअरचं पाणी आधीच जड, त्यात टीसीएलने सामू आणखी चढतो. 7.5 ला क्लोरीनची निम्मी ताकद कामाला येते, 8 ला जेमतेम पाव. म्हणजे पावडर टाकतोय, टाकतोय, आणि पाणी तरी हिरवं. पुष्कळ लोक इथेच वैतागून दुप्पट पावडर ओततात. आधी सामू उतरवा. त्यासाठीची पावडर पूलचं सामान विकणाऱ्याकडे मिळते. मेमधल्या वाऱ्याने रोज सेंटिमीटरभर पाणी उडून जातं, म्हणजे सत्तरेक लिटर. ते बोअरने भरून काढलं की क्षारांची भर पडते, कारण पाणी उडतं आणि क्षार मागे राहतात. प्लास्टिकवर पांढरा थर धरायला लागला की पाणी बदलायची वेळ झाली असं समजा.

क्लोरीनचा उग्र वास येतोय आणि पोरांचे डोळे लाल होताहेत, म्हणजे पावडर जास्त झाली, असं सगळे म्हणतात. बहुतेक वेळा उलटं असतं. घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात, वास त्यांचा आणि डोळ्यांची आगही त्यांची. उपाय साधा आहे. डोक्याचं तेल साबणाने काढून, पूर्ण आंघोळ करून मगच पाण्यात. सोबतचा छोटा पंप तासाला हजार-बाराशे लिटर पाणी गाळतो, म्हणजे सगळं पाणी एकदा फिरायला चार तास हवेत. त्याची गाळणी रोज धुतली नाही तर पंप घाणीतूनच पाणी फिरवत राहतो. तो पंप 30 मिलिॲम्पियरला वीज तोडणाऱ्या ईएलसीबीवर आणि धड अर्थिंगवरच चालवा. ओल्या जमिनीवर कुलरसाठी ओढलेली जोडवायर पसरून त्यावर पंप लावणं हा गुन्हा मानला पाहिजे. मुलं पाण्यात असताना पंप बंदच.

कोमट, क्लोरीन नसलेल्या गोड्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमिबा वाढू शकतो. नाकातून तो मेंदूत गेला तर वाचणारे फार थोडे. केरळात 2024 आणि 2025 मध्ये या मेंदूज्वराचे रुग्ण सापडले, त्यांत लहान मुलंही होती. आजार दुर्मीळ आहे, हे खरं. पण त्याला पोसणारं पाणी कसं असतं? कोमट, साचलेलं, औषध न टाकलेलं. दुर्लक्ष झालेलं अंगणातलं टाकं मेमध्ये नेमकं तसंच असतं.

आणि सगळ्यात मोठा धोका याहून साधा आहे. दोन फूट पाण्यात लहान मूल बुडतं, आणि बुडताना ओरडत नाही. एक मोठं माणूस, हातात मोबाइल नसलेलं, पूर्ण वेळ काठावर हवं. खेळ संपला की शिडी घरात. अडीच फुटांची कड तीन वर्षांच्या मुलाला खुर्ची लावून चढता येते, म्हणून खुर्चीही घरात आणि टाक्यावर ताणून बांधलेलं झाकण. तहानलेली वानरं, कुत्री, मधमाश्या पाण्यावर येतात, झाकण त्यांच्यासाठीही हवं.

या भागाला पाणी राखणं नवं नाही. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियात गोंड राजवटीपासून कोहळी समाजाने तलाव बांधले, पाळ आणि पाणी सोडायचं दार सांभाळलं, पाण्याच्या पाळ्या लावल्या. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा होऊन 'माजी मालगुजारी' म्हणजे 'मामा तलाव' झाले, आणि रोज बघणारा माणूस हटला तसे त्यातले कितीतरी गाळाने भरले. तलाव एकराचा असो की दहा फुटांचा, त्याला नाव घेऊन सांगता येईल असा एक राखणदार लागतो. घरात तो कोण, हे पाणी भरण्याआधी ठरवा. "सगळे मिळून बघू" म्हणजे कुणीच बघणार नाही.

खरी परीक्षा जूनमध्ये येते. शाळा उघडतात, हौस संपते, टाकं अर्धं भरलेलं तसंच राहतं. वर मृगाचा पाऊस. डासाच्या अंड्यापासून उडता डास व्हायला उष्ण हवेत आठवडा पुरतो, म्हणून तर आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतं. आशाताई दारोदार फिरून रांजण आणि कुलर तपासतात, आणि आपण अंगणात हजारो लिटर साचवून ठेवतो. डेंग्यू शेजाऱ्याच्या मुलाला होतो, त्याने त्या पाण्यात पायही घातलेला नसतो. टाकं तुमचं, ताप त्याचा. हे मला सहन होत नाही, तुम्हालाही होऊ नये.

तेव्हा पावसाआधी क्लोरीन टाकणं थांबवा, दोन-तीन दिवस उघडं ऊन लागू द्या, मग ते पाणी झाडांना सोडा. प्लास्टिक आतून घासा, कारण एडिस डासाची अंडी कोरड्या कडेला महिनोन् महिने जिवंत राहतात. पूर्ण वाळवा, घडी करा, घुशी पोचणार नाहीत अशा जागी ठेवा.

आणि रोज पट्टी, रोज गाळणी, रोज पहारा जमणार नसेल तर मोठं टाकं घेऊच नका. दोन-तीनशे लिटरचा टब घ्या, सकाळी भरा, पोट्ट्यांना मनसोक्त डुंबू द्या, संध्याकाळी तेच पाणी लिंबाच्या आणि पेरूच्या आळ्यात ओता. त्याला ना पंप लागतो ना साठवणूक, आणि वरोऱ्यातल्या बहुतेक घरांना तेवढा पुरतो.