उन्हाचं दरपत्रक

“सनकिस्ड करूया का, ताई?”

“म्हणजे कसं?”

“उन्हात फिरून आल्यासारखं. एकदम नॅचरल.”

हा संवाद साताऱ्यात पोवई नाक्यावर होतो, राजवाड्याकडे होतो, सांगलीत विश्रामबागेतही होतो. ताई मान डोलावतात आणि मग खरा पेच पडतो: ऊन नेमकं कुठं लागल्यासारखं दिसायला हवं? फॉइलमध्ये बटा गुंडाळून हायलाइट्स केले तर ऊन पट्ट्यापट्ट्यांनी पडतं. ब्रशनं मोकळ्या हातानं बालायाज केलं तर ते टोकांकडून सावकाश वर चढतं. ओंब्रे म्हणजे वर सावली, खाली वैशाख. ग्लोबल म्हणजे छप्परच उडालेलं. पोराची शाळा ठरवताना ताईंच्या घरात एवढी चर्चा झाली नव्हती.

आता या ताई पार्लरपर्यंत आल्या कशा, ते बघा. स्कूटीवरून. डोक्याला स्कार्फ, त्याचा दुसरा वेढा नाकावरून, मागे करकचून गाठ, डोळ्यांवर गॉगल, कोपराच्या वरपर्यंत हातमोजे, अंगात पांढरा सनकोट. सिग्नलला नवरा शेजारी येऊन थांबला तरी त्याला गाडीच्या नंबरवरूनच ओळख पटते. अजिंक्यताऱ्यालाही एवढी तटबंदी नसेल. जिना चढून वर आल्यावर ही तटबंदी उतरवायची, तीन-चार तास खुर्चीत बसून उन्हाचे पैसे मोजायचे, आणि निघताना ती पुन्हा चढवायची. कारण पार्लरवालीच बजावते, “ताई, ब्लीच झालेत केस, उन्हात उघडे ठेवू नका हं.” म्हणजे विकत घेतलेलं ऊन फुकटच्या उन्हापासून जपायचं. आणि ते स्कार्फच्या आत असल्यामुळे बघणार कोण, तर आरसा आणि सासूबाई. सासूबाई काय म्हणतात ते छापता येत नाही.

यात सूर्याचा काडीचा संबंध नाही. ब्लीचची पावडर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड, एवढंच काम करतं. पेरॉक्साइडच्या, म्हणजे डेव्हलपरच्या, बाटलीवर 20 व्हॉल्यूम असेल तर 6 टक्के, 30 असेल तर 9, आणि 40 असेल तर 12. आपल्या काळ्याभोर केसांतला रंग एका दमात जात नाही. आधी विटकरी होतो, मग नारंगी, मग पिवळा. बहुतेकींची गाडी नारंगीवरच अडते. त्यावर टोनर मारून त्याला ‘कॅरॅमल’ म्हणतात. काही आठवड्यांत टोनर धुऊन जातो. नारंगी राहतो.

इथपर्यंत माझी तक्रार नव्हती. ज्याचं डोकं त्याचा रंग. पण पार्लरच्या दरांच्या कार्डावर, आकडे चढत जातात तिथे, ‘बेबीलाइट्स’ आहेत. दोऱ्यासारख्या बारीक बटा सुट्या करून उजळायच्या. कल्पना अशी की उन्हात खेळणाऱ्या लहान मुलांचे केस फिकटतात, तसं दिसावं.

उन्हात खेळणारं मूल बघायचंय? हंगामात पार्लरच्या खुर्चीवरून उठा आणि उसाच्या फडावर या. बीडकडून टोळ्या आलेल्या असतात. आई-बाप पहाटेपासून कोयत्यावर, आणि बांधावर, पाचटात, चार वर्षांची पोरगी धाकट्या भावाला सांभाळत बसलेली. तिचे केस बघा. मुळाशी काळपट, टोकांना तांबूस, मध्ये भुऱ्या बटा. कुठल्याही स्टायलिस्टच्या हाताला असं बालायाज साधणार नाही. कोपीत तेलाची बाटली नाही, डोक्यावर सावली नाही, ऊन मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत. सगळ्याच पोरांचे केस उपासमारीनं भुरे होतात असं नाही, ऊन-धूळही पुरते. पण काहींचे उपासमारीनंच होतात. अंगाला प्रथिनं मिळाली नाहीत त्या महिन्यांत वाढलेला केस फिकट, मिळाली त्या महिन्यांत वाढलेला काळा. एकाच केसावर आडवे पट्टे. वैद्यकाच्या पुस्तकात याला ‘फ्लॅग साइन’ म्हणतात आणि ते तीव्र कुपोषणाच्या लक्षणांत मोडतं. अंगणवाडीत तिचं नाव आहे, नाही असं नाही, पण ते गावाकडच्या अंगणवाडीत, आणि पोरगी इथं साताऱ्याच्या उसात. खाऊ तिकडे, तोंड इकडे. तिच्या डोक्यावरचे पट्टे बघून कुणी “वॉव, कुठे केलेस गं?” विचारलेलं मी ऐकलेलं नाही. विचारलंच तर ती खरं सांगेल, एवढीच भीती.

आमच्या आज्या पोरीचे केस भुरे दिसले की आधी तिच्या आईला बोलायच्या: तेल घालत नाहीस, दूध देत नाहीस. आता भुरे करून आणायला पैसे मोजतात आणि आईच सोबत येऊन कॉफी पिते.

तेव्हा पार्लरवाल्यांना एक विनंती. काय करायचं ते करा, मुळापासून करा, टोकांपासून करा. फक्त कार्डावरून ऊन आणि लहान मुलं काढा. तिथं पेरॉक्साइड लिहा, 12 टक्के असेल तर 12 लिहा. आणि पॅच टेस्ट 48 तास आधी करा, नुसती वहीत टिक मारू नका.