गॅस संपत नसतो

चिखल्यात गारवा विकत घ्यावा लागत नाही, अशी आमची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. समोर समुद्र, किनाऱ्यावर सुरूची झाडं, मागे चिकूच्या वाड्या. अशा गावातला माझा भाचा दहावीनंतर आयटीआयला एसी-फ्रिजचा ट्रेड घेतो म्हणाला, तेव्हा आजीने, म्हणजे माझ्या आईने, "मिठागरात राहून मीठ विकत आणायला चाललाय," एवढाच शेरा मारला.

दोन वर्षांचा ट्रेड. आम्हाला वाटलं, पहिल्या दिवशी एसी उघडून दाखवत असतील. प्रत्यक्षात हा बरेच दिवस तांब्याची नळी कापत होता, तिचं तोंड फुलवत होता आणि अर्थिंगवर बोलत होता. मेन स्विच बंद केला तरी कपॅसिटरला लगेच हात लावायचा नाही, आत वीज दबा धरून बसलेली असते, हे त्याने घरी सांगितलं. तेव्हापासून आजी बंद मिक्सरकडेही संशयाने बघते.

मला मात्र त्याच्या वहीतला कॅरियर साहेब आवडला. 1902 साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि रंगावर रंग नेमका बसेना. पंचविशीतल्या विलिस कॅरियरने हवेतला दमटपणा आटोक्यात ठेवणारी यंत्रणा आखली. थोडक्यात, एसीचं पहिलं गिऱ्हाईक कागद. घाम पुसणाऱ्या माणसाचा नंबर मागाहून लागला. पावसाळ्यात पापडाचा डबा उघडून बघणाऱ्या कुणालाही त्या छापखानेवाल्याचं दुःख कळेल.

भाच्याचा खरा आवडता विषय गॅस. "मामा, गॅस संपत नसतो," हे तो लग्नाच्या पंगतीतही सांगतो. बंद नळीत तोच गॅस फिरत राहतो. आत खोलीतली उष्णता घेतो, बाहेर जाऊन टाकतो, परत येतो. कमी झाला, तर कुठेतरी गळती आहे. साबणाचा फेस लावायचा, बुडबुडा दिसतो का बघायचं, भोक बुजवायचं, व्हॅक्यूम मारायचा आणि मगच गॅस भरायचा. दर एप्रिलला "गॅस संपलाय" म्हणून पैसे नेणाऱ्या मेकॅनिकांवर त्याचा फार राग आहे. हा राग नोकरी लागल्यावर किती टिकतो ते बघायचं. मला वाटतं टिकेल. पोरगा हट्टी आहे.

सुट्टीत तो एका मेकॅनिकच्या हाताखाली किनाऱ्यावरच्या हॉटेलांतून जातो. इथे खारा वारा बाहेरच्या युनिटचा पत्रा खातो, जाळीचे पातळ पापुद्रे हाताला भुग्यासारखे लागतात. मुंबईहून आलेले पाहुणे जास्त पैसे मोजून समुद्राकडची खोली घेतात, खिडकी लावून घेतात, पडदा ओढतात आणि एसी लावतात. 2020 पासून नवे एसी सुरू केले की आपोआप 24 अंशांवर येतात, हा सरकारी नियम. पाहुणे ते 16 वर नेतात आणि जादा ब्लँकेट मागवतात. हा मात्र गारवा दुरुस्त करायला भर दुपारी गच्चीवर, जिथे साऱ्या खोल्यांची उष्णता येऊन पडते तिथे, पान्याने नट सोडवत बसलेला. थंडी विकणाऱ्याच्या वाट्याला ऊनच जास्त, हे आयटीआयच्या माहितीपत्रकात नव्हतं.

परवा आजीने ओटीवर बसून त्याची तोंडी परीक्षाच घेतली.

"म्हणजे थंडी तयार होतच नाही?"

"नाही गं आजी. आतली उष्णता बाहेर टाकायची, बस."

"बाहेर म्हणजे कुठे?"

"डहाणूला बिल्डिंगमध्ये असेल तर शेजारच्याच्या खिडकीखाली."

"मग त्याला उकडेल की."

"उकडेलच."

"मग तो काय करील?"

"तोही एसी घेईल."

आजीने चिकू सोलता सोलता थोडा वेळ हिशेब केला. "शीक," ती म्हणाली, "धंदा चांगला आहे."