मदरबोर्डावरची खोती

ज्या रत्नागिरीत आषाढ लागताच कपाटातल्या कोटावर बुरशी आणि दाराच्या बिजागरीवर गंज एकाच पंधरवड्यात चढतो, तिथे खेळासाठी जोडलेल्या संगणकाच्या पोटात सप्तरंगी दिव्यांची आरास असावी, हा आमच्या पुतण्याचा हट्ट मी तारुण्याचा हक्क समजून निमूटपणे मान्य केला होता. परंतु कोऱ्या डिस्कवर विंडोज स्थानापन्न होते न होते तोच पडद्याच्या कोपऱ्यात एक अर्जदार हजर झाला आणि मदरबोर्डाच्या कंपनीचे सॉफ्टवेअर उतरवून घेण्याची परवानगी मागू लागला, तेव्हा, ज्या घरात अद्याप कोणी राहायलाच आले नाही त्या घरात हा गृहस्थ आधीपासून कसा, असा प्रश्न मला पडला.

चौकशीअंती कळले ते असे, की मदरबोर्डाच्या चिपेत जतन केलेला एखादा प्रोग्राम विंडोजने सुरू होताना स्वतःहून उचलून चालवावा, अशी तजवीज मायक्रोसॉफ्टने विंडोज 8 पासून करून ठेवली आहे. हेतू उदात्त होता: चोराने डिस्क पुसली तरी चोरीच्या संगणकाचा माग काढणारी यंत्रणा पुन्हा उभी राहावी. चोरासाठी उघडलेल्या या दिंडीतून पुढे दिवे रंगवणारे कारकूनही आत शिरले.

आमच्या जिल्ह्याला हा प्रकार अपरिचित नाही. सरकार आणि रयत यांच्यामध्ये बसून सारा वसूल करणारा आणि वर वेठही घेणारा खोत आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाहिला. 1937 साली डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले, तरी ती गेली 1949 च्या कायद्याने. असूसचे आर्मरी क्रेट, एमएसआयचे सेंटर, गिगाबाइटचे कंट्रोल सेंटर हे मला त्याच वतनाचे वारस वाटतात. पंख्यांचा वेग आणि ड्रायव्हरांची देखभाल आपण पाहतो, अशी त्यांची कैफियत असते. पण पंख्यांचा वेग बायोसमध्येच ठरवता येतो आणि ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतात. उरला दिव्यांचा रंग. तेवढ्यासाठी ही मंडळी पडद्याआड अहोरात्र ठाण मांडून प्रोसेसरला वेठीस धरतात. पुतण्याला तांबड्याचा जांभळा हवा होता. अटी मान्य झाल्या, अद्ययावतीकरण झाले, संगणक पुन्हा सुरू झाला, दिवा हिरवा झाला, आणि वीज गेली.

इथवर विनोद होता. 2023 साली मात्र एक्लिप्सियम या सुरक्षासंस्थेने उघडकीस आणले, की गिगाबाइटच्या 271 मॉडेलांमधला असा प्रोग्राम आंतरजालावरून पुढचा माल, पुरेशी पडताळणी न करता आणि काही वेळा असुरक्षित जोडणीवरून, उतरवून घेत होता. म्हणजे वाटेत कोणी पोते बदलले तरी खोताने ते कोठारात घ्यावे. कंपनीने नंतर दुरुस्त बायोस प्रसिद्ध केले.

तेव्हा वाचकहो, विंडोज बसवण्यापूर्वी बायोसमध्ये जावे, आर्मरी क्रेट, ॲप सेंटर किंवा ड्रायव्हर युटिलिटी इन्स्टॉलर अशा नावाची नोंद शोधून ती ‘डिसेबल्ड’ करावी आणि एफ10 दाबावे. दिवे रंगवायचेच असतील तर ओपनआरजीबी नावाचा मुक्त प्रोग्राम पुष्कळ मदरबोर्डांवर चालतो. तो बोलावल्याशिवाय येत नाही.