हजर आहेत, जागेवर नाहीत

प्रति,
मा. रिकामी खुर्ची,
खिडकीलगतचं टेबल, पंख्याखालची जागा,
एक शासकीय कार्यालय, विश्रामबाग परिसर, सांगली.

विषय : आपल्यावर बसणारे कामावर परत आल्याबाबत.
संदर्भ : साहेबांचा तोंडी आदेश.

महोदया,

अर्जदार विश्रामबागचा कायमचा रहिवासी असून त्याने आजवर पुष्कळ अर्ज केले आहेत. माणसांना केलेल्या अर्जांची पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. म्हणून हा अर्ज थेट आपल्याला. एवढ्या मोठ्या कार्यालयात सदैव जागेवर असणाऱ्या आपण एकट्याच.

सांगली-मिरज रस्त्यावरचा हा भाग आपल्याला नव्याने सांगायला नको. विलिंग्डन कॉलेज इथलं, वालचंद इथलं. जिल्हाधिकारी कार्यालय राजवाड्याकडून विजयनगरला आलं, तेव्हापासून सरकारी कारभारही हाकेच्या अंतरावर आला. नावातच विश्राम असलेल्या भागात सरकारी नोकरांची वस्ती दाट आहे, हा निव्वळ योगायोग असल्याचं अर्जदार प्रतिज्ञेवर सांगायला तयार आहे. पाचशेच्या स्टॅम्पवर सांगायचं की साध्या कागदावर, एवढं तेवढं कळवावं.

आपल्या आयुष्यातला सगळ्यात चमत्कारिक काळ २०२० सालच्या फेब्रुवारीत सुरू झाला. १२ फेब्रुवारीला मंत्रिमंडळाने पाच दिवसांचा आठवडा मंजूर केला आणि २९ तारखेच्या शनिवारपासून तो लागूही झाला. वेळ ठरली सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा. शिपायांना साडेनऊ ते साडेसहा. हिशेब असा मांडला गेला, की पूर्वी वर्षाचे २८८ दिवस रोज सव्वासात तास काम व्हायचं, म्हणजे २,०८८ तास. आता २६४ दिवस रोज आठ तास, म्हणजे २,११२. सुट्ट्या वाढूनही जनतेला वर्षाकाठी २४ तास जादा सेवा मिळणार होती. हा गुणाकार अर्जदाराने दोनदा करून पाहिला. बरोबर आहे. ते जादा २४ तास कुठल्या टेबलावर जमा झाले, तेवढं मात्र सापडलं नाही.

नवलाईचे तीन शनिवार उपभोगून होतात न होतात, तोच करोना आला. २० मार्चला उपस्थिती २५ टक्क्यांवर आणली, दोन दिवसांत ती ५ टक्क्यांवर आली. आपल्या पाठीवरचा नॅपकिन वाळून कडक झाला आणि काचेखालच्या गणपतीसमोर कुणी हात जोडेना. आपण इतक्या विश्रांतीत यापूर्वी कधीच नव्हता, असं म्हणणं धाडसाचं होईल. पण मार्चअखेर असून कार्यालय शांत आहे, हे दृश्य ट्रेझरीच्या भिंतींनीही प्रथमच पाहिलं असावं.

मग आला तो आदेश. ५ जून २०२० चा. प्रत्येकाने आठवड्यातून निदान एक दिवस कार्यालयात यायचं, न येणाऱ्याचा त्या आठवड्याचा पगार जायचा. मार्चचा पगार आधीच दोन हप्त्यांत विभागलेला. पहिल्या हप्त्यात ‘अ’ आणि ‘ब’ वर्गाला निम्मा, ‘क’ला पाऊण, ‘ड’ला पूर्ण. त्यामुळे पगार या शब्दाने सगळेच दचकायचे. आठवड्यातून एक दिवस! खासगी कंपनीतल्या माणसाला हे ऐकून हसू आवरणार नाही. पण विश्रामबागेत अशीही घरं होती, जिथला मुलगा मुंबईला सरकारी नोकरीत, टाळेबंदीत गावाकडे आलेला. त्याला त्या एका दिवसासाठी ई-पास काढून साडेतीनशेच्या वर किलोमीटर जायचं होतं. त्यामुळे त्याच्या रागाला अर्जदार हसत नाही. हसू येतं ते घरापासून दीड किलोमीटरवर नोकरी असणाऱ्यांच्या रागाचं.

त्यांची पहिली प्रतिक्रिया वैद्यकीय होती. ज्या कमरा मार्चपर्यंत ठणठणीत होत्या, त्या एकाएकी धरल्या. ज्यांची शुगर कधी मोजली नव्हती, त्यांची मोजली गेली आणि निघाली. त्यानंतर कायद्याचा कीस पडला : आदेश लेखी आहे का, तो आपल्या खात्याला लागू होतो का, आणि मार्गदर्शन मागवायला काय हरकत आहे? मार्गदर्शन मागवणं ही कार्यालयीन जगातली सर्वांत सुरक्षित कृती. मागवणाऱ्याने काम केलेलं असतं आणि उत्तर येईपर्यंत ते करायचं नसतं.

सप्टेंबरात नवा आदेश लागू झाला आणि त्याने गणित पणाला लावलं. ‘अ’ आणि ‘ब’ वर्गाचे अधिकारी शंभर टक्के. बाकीच्यांसाठी मुंबई-पुण्याचा पट्टा सोडून उरलेल्या राज्यात ५० टक्के किंवा किमान ५० जण, यातलं जे जास्त असेल ते. आता समजा, एका कार्यालयात माणसं बारा. निम्मी म्हणजे सहा. पण जास्त काय, सहा की पन्नास? पन्नास. म्हणजे बाराच्या बारांनी यायचं आणि वर अडतीस कमी पडले म्हणून खुलासा द्यायचा. असा खुलासा कुणी दिला नसेलही, पण आपल्यासमोरच्या टेबलावर त्याचा मसुदा तयार झाला असता, तर अर्जदाराला नवल वाटलं नसतं.

डिसेंबरात, लोक जेमतेम परतत असताना, पोशाखाचं परिपत्रक निघालं. जीन्स नको, टी-शर्ट नको, चपला नकोत, शुक्रवारी खादी. नऊ महिने लुंगीवर टिपण्या लिहिलेल्या माणसाला ही सक्ती किती जाचली असेल, हे आपण कपड्याचं नव्हे, रेक्झिनचं कव्हर घालत असल्याने आपल्याला कळणार नाही.

एक गोष्ट इथंच नोंदवून ठेवलेली बरी. ‘परत बोलावलं’ हा शब्द ज्यांच्या वाट्याला आलाच नाही, अशी माणसंही सरकारीच होती. सिव्हिलमधल्या परिचारिका कुठं परतणार? त्या गेल्याच नव्हत्या. महापालिकेचा सफाई कामगार घंटागाडीवरच होता. शाळा बंद म्हणून घरी बसतील असं वाटलेले गुरुजी जिल्ह्याच्या सीमेवर तपासणी नाक्यावर उभे होते, नंतर ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ म्हणत दारोदार ताप मोजत होते. सांगली विभागातले एसटीचे चालक-वाहक त्या ऑक्टोबरात मुंबईला बेस्टच्या मदतीला धाडले गेले आणि कित्येकजण आजार घेऊन परत आले. त्यांच्या प्रतिक्रिया कुणी विचारल्या नाहीत. त्यांना आपल्यासारखी खुर्चीही नव्हती. असलीच तर चालकाची सीट, आणि तिच्यावर नॅपकिन टाकायची पद्धत नाही.

टक्केवारी पुढेही खाली-वर होत राहिली. एप्रिल २०२१ मध्ये १५ टक्के. ऑगस्टमध्ये बरेच जिल्हे मोकळे झाले आणि सांगली, सातारा, कोल्हापूरसह ११ जिल्हे निर्बंधातच राहिले. विश्रामबागेतल्या कट्ट्यावर तेव्हा दोन पक्ष पडले : सांगलीवर अन्याय झाला म्हणणारा व्यापाऱ्यांचा, आणि प्रशासनाने घाई करू नये म्हणणारा प्रशासनातल्यांचाच.

पुढच्या वर्षी ६ फेब्रुवारीला, रविवारी, केंद्राने जाहीर केलं की सोमवार ७ फेब्रुवारीपासून आपल्या सगळ्या कर्मचाऱ्यांनी शंभर टक्के हजर व्हावं, घरून काम बंद. त्याच रविवारी सकाळी लता मंगेशकर गेल्या. ज्यांचं बालपण सांगलीत गेलं, त्या लताबाई. महाराष्ट्र सरकारने सोमवारची सार्वजनिक सुटी जाहीर केली. एका सरकारचा पूर्ण हजेरीचा पहिला दिवस दुसऱ्या सरकारच्या सुटीचा ठरला. त्या दिवशी सांगलीत कुणी विनोद केला नाही, अर्जदारही करत नाही.

आपल्याला वाटत असेल, ही कटकट आपल्याच नशिबी. तसं नाही. अमेरिकेत २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांनी शपथ घेतली आणि त्याच दिवशी केंद्रीय कर्मचाऱ्यांना पूर्णवेळ कार्यालयात बोलावणारा आदेश काढला. माणसं आली, तर काही ठिकाणी टेबलं पुरेनात. म्हणजे तिकडे कर्मचारी आहेत आणि आपल्या भगिनी नाहीत. इकडे आपण आहात आणि पदं रिक्त. कॅनडात ९ सप्टेंबर २०२४ पासून आठवड्याला तीन दिवस सक्तीचे झाले, तेव्हा ओटावातल्या संघटनांच्या गोटातून निषेधाचा मार्ग सुचवला गेला : ऑफिसच्या आसपास काही विकत घेऊ नका, डबा घरून आणा. हे वाचून सांगलीतल्या कुठल्याही कारकुनाला कळेना, की यात निषेध कुठे आहे. इथं डबा घरूनच येतो. भाकरी, झुणका, दही आणि शेजारच्या टेबलाला द्यायला भडंग. जेवणाची सुटी एक ते दोनच्या दरम्यान फक्त अर्धा तास, हे २०१९ मध्ये लेखी कळवलेलं आहे. भडंगाला मात्र ते अजून कळलेलं नाही.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हा कागद खराब केला.

आपल्या कार्यालयात दोन शब्द आहेत. बाहेरच्याला ते एकच वाटतात. ‘हजर’ आणि ‘जागेवर’. हजर तो, ज्याची हजेरीपटावर सही आहे किंवा यंत्रावर अंगठा उमटला आहे. जागेवर तो, जो आपल्यावर बसलेला आहे. अर्जदार वारसनोंदीसाठी चार वेळा आला, तेव्हा संबंधित चारही वेळा हजर होते. पहिल्यांदा ते ‘इथंच कुठेतरी’ होते, दुसऱ्यांदा फिरतीवर. तिसऱ्या वेळी शिपायाने आवाज खाली आणून सांगितलं, “साहेब व्हीसीत हैत.” व्हीसी म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स. करोनाने दिलेली ही कायमची देणगी. पूर्वी ‘मीटिंगला गेलेत’ म्हटलं की कुठे, कधी येतील, असं विचारता यायचं. व्हीसीला ठिकाण नसतं. चौथ्या वेळी आपल्या पाठीवर स्वेटर होता. एप्रिलमध्ये. हालचाल नोंदवही कुठे आहे विचारलं, तर तीही कुठेतरी हललेली.

आदेश निघतात ते हजेरीचे. केंद्राने जून २०२४ मध्ये बजावलं, की सव्वानऊनंतर आलात तर अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा कापू. २०२५ मध्ये आपल्या महसूल खात्याने चेहरा दाखवून, तोही ठरलेल्या ठिकाणीच, ‘फेस अॅप’वर हजेरी सुरू केली. त्यावर गावपातळीवरची प्रतिक्रिया ऐकण्यासारखी आहे. तलाठी, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, त्याचं म्हणणं : एका सजावर नेमणूक, दुसऱ्याचा अतिरिक्त कार्यभार, सकाळी पंचनामा, दुपारी तहसीलला बैठक. चेहरा कुठल्या गावात दाखवू? यात बहाणा किती आणि खरं किती, हे अर्जदाराला ठरवता येत नाही, पण २०१९ च्या महापुरात कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली होती, त्यानंतर घरोघर चिखलात पंचनामे करणारी माणसं याच खात्यातली होती. त्या वेळी ती कार्यालयात सापडली असती, तर तो गुन्हा ठरला असता.

आणखी एक तक्रार आहे, तीही अर्जदाराला पटते. माणसं कार्यालयात परतली, पण घरी नेलेलं काम परत आलंच नाही. व्हॉट्सअॅपचा ग्रुप टाळेबंदीत तयार झाला, तो आजही चालू आहे. रात्री साडेदहाला ‘तात्काळ’ असं लिहून शीट येते, रकाने भरायचे, सकाळी नऊच्या आत. शेजारच्या इमारतीतल्या एक कनिष्ठ सहायक बाई मुलाचा अभ्यास घेता घेता मोबाइलवर रकाने भरतात. फोन त्यांचा, रिचार्ज त्यांचा, चष्म्याचा वाढलेला नंबरही त्यांचाच. सकाळी पावणेदहाला अंगठा उमटला नाही, तर मात्र लेट मार्क. म्हणजे घरून काम बंद झालं ते फक्त दिवसाचं. बाई हजरही असतात आणि जागेवरही. म्हणून त्यांच्याकडे तीन टेबलांचं काम आहे आणि आपल्याकडे एकाचंही नाही.

अर्जदाराला सातबारासाठी आता यावं लागत नाही. पंधरा रुपये भरले की डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या निघतो. म्हणजे वर्क फ्रॉम होम जनतेला लागू झालेलं आहे. वारसनोंदीचा अर्जही ऑनलाइन भरता येतो. तो भरून झाल्यावर ‘एकदा येऊन भेटा’ असा फोन येतो, आणि अर्जदार पुन्हा आपल्यासमोर उभा. उभाच, कारण आपल्यासमोरच्या बाकड्यावर जुने गठ्ठे बसलेले असतात. सहा गठ्ठ्यांची पद्धत आहे म्हणे. अर्जदाराने सतरापर्यंत मोजले.

तरी विनंती, की पुढच्या वेळी हजेरीचा आदेश निघेल तेव्हा शासनाने आपलंही म्हणणं मागवावं. यंत्राला अंगठा कळतो, अॅपला चेहरा. माणूस दिवसाकाठी किती वेळ खरंच बसला होता, हे आपल्या गादीइतकं कुणालाच ठाऊक नाही. आपली गादी मधोमध दबलेली आहे की अजून फुगीर, एवढी एकच नोंद कार्यविवरण नोंदवहीत घेतली जावी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
अर्जदार

सोबत : १) मूळ अर्जाची पोच, शिक्का पुसट. २) त्याच अर्जाची दुसरी पोच, पहिली सापडत नाही म्हणून दिलेली.

ता. क. : हे पत्र अर्जदाराने स्वतः आणून दिलं. दुपारचे सव्वातीन झाले होते. बारनिशीत कुणी नव्हतं, म्हणून शिपायाने ते आपल्यावरच ठेवलं. उडून जाऊ नये म्हणून वर पेपरवेट ठेवला. पंखा पाचवर होता.