शारदीय गणनक्रीडा: सटाणा परिसरातील पालकांसाठी शास्त्रोक्त मार्गदर्शन

शरद ऋतूवर आधारित अंकखेळ घेण्यापूर्वी शरद ऋतू जागेवर उपलब्ध आहे की नाही, याची खातरजमा करणे हे पालकाचे आद्य कर्तव्य होय. आश्विन आणि कार्तिक या दोन महिन्यांना पंचांग शरद म्हणते. परंतु बालवर्गासाठी विकल्या जाणाऱ्या रंगीत कृतिपुस्तिका याच ऋतूत मेपलची तांबडी पाने, भोपळे आणि ओकचे फळ कुरतडणारी खार दाखवून ती मोजण्याचे फर्मान सोडतात, आणि सटाण्यातील चार वर्षांच्या मुलाला त्यांपैकी भोपळा आणि खार एवढीच मंडळी ओळखीची वाटतात. आरम नदीच्या काठी ऑक्टोबरात ऊन चटके देत असते, झाडे पावसाळ्याची हिरवाई अंगावर वागवीत असतात, आणि पानगळ, म्हणजे झाडाने आपण होऊन पाने टाकणे, हा विधी शिशिराकडे राखून ठेवलेला असतो. तात्पर्य, येथे शरदात जे पान हाती येते ते गळलेले नसून तोडलेले असते, आणि तेही बहुधा दसऱ्याला.

म्हणून आपटा हे गणनेचे पहिले साधन ठरते आणि पहिला अपघातही त्याच्याच पायी होतो. आपट्याचे पान टोकाशी खाच पडलेले, दोन गोलसर भागांचे असते; पालकाने ते मुलासमोर धरून ‘एक’ म्हणावे, त्यावर मूल ते निरखून ‘दोन’ म्हणते. एकक, म्हणजे मोजताना ज्याला एक धरायचे ती वस्तू, ही संकल्पना विशद करण्याचा मोह या क्षणी आवरावा, कारण निरूपण चालू असतानाच मूल पान मधल्या शिरेवर फाडून दोन्ही भाग पुराव्यादाखल सादर करते. बाजारात कांचनाची पानेही आपटा म्हणून खपतात, आणि ती आकाराने मोठी असल्यामुळे मुले त्यांना जास्त कॅरेटचे सोने समजतात.

पुढचा टप्पा सोने लुटण्याचा. मुलाच्या खिशात १० पाने मोजून ठेवावीत आणि त्याला गल्लीत सोडावे. प्रत्येक घरी ते एक पान देते, एक घेते, मोठ्यांच्या पाया पडते. तेव्हा परत आल्यावर पाने १०च भरली पाहिजेत, असे अंकगणित सांगते. प्रत्यक्षात ती १४ भरतात किंवा ६, कारण आजीवर्ग देताना मोजत नाही आणि धाकटी भावंडे घेताना मोजत नाहीत. या तफावतीला चूक म्हणू नये. जमाखर्चात तिला फरक म्हणतात आणि तो पुढील पानावर ओढतात.

डाळिंबाचा खेळ अधिक सखोल आहे. तेल्या, म्हणजे फळावर तेलकट डाग पाडून ते तडकवणारा जिवाणूजन्य रोग, बागलाणातील, म्हणजे सटाण्याच्या तालुक्यातील, बागांना परिचित असल्याने तडकलेले फळ मिळण्यास अडचण पडत नाही. चांगले फळ क्रेटमध्ये गेलेले असते आणि शिक्षणासाठी ते परत मागू नये. रॉशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजणीची पाच तत्त्वे मांडली, त्यांपैकी तीन येथे उपयोगी पडतात: एका वस्तूला एकच अंक मिळावा, ही एकास-एक संगती; अंक दर वेळी त्याच ओळीने यावेत, हा स्थिर क्रम; आणि शेवटी उच्चारलेला अंक हीच एकूण संख्या, हे गणनसंख्येचे तत्त्व. स्टीलच्या ताटलीत पिवळट पापुद्रे काढलेले १० दाणे ठेवावेत. मूल एकेका दाण्याला बोट लावून एकेक अंक उच्चारते, पहिली दोन तत्त्वे निर्दोष पाळते, आणि प्रत्येक मोजलेला दाणा तोंडात टाकते; त्यामुळे ‘दहा’ म्हणून झाल्यावर ‘एकूण किती?’ या प्रश्नाला ‘एकपण नाही’ असे उत्तर मिळते, जे ताटलीकडे पाहता बिनचूक असते. ‘किती’ हा शब्द ऐकताच शाळा आली हे मुलाला कळते आणि ते सावध होते. अहिराणी बोलणाऱ्या आजीने ‘कितला?’ असे विचारल्यास ते खरे काय ते सांगते. शर्टावरचे डाग मोजण्याचा उपक्रम स्वतंत्रपणे घ्यावा, कारण ते निघत नाहीत आणि उजळणीस कायम उपलब्ध राहतात.

मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांचा सुप्रसिद्ध प्रयोग गोल्टीवर, म्हणजे बारीक कांद्यावर, करून पाहता येतो. सहा-सहा गोल्टींच्या दोन ओळी समोरासमोर मांडून एक ओळ पसरट केली की लहान मूल पसरलेल्या ओळीत कांदे जास्त आहेत असे सांगते, आणि नग तेवढेच राहतात हे त्याला साधारण सहा-सात वर्षांचे झाल्यावर पटू लागते. तथापि चाळीत एप्रिल-मेमध्ये भरलेला उन्हाळ कांदा शरदापर्यंत न विकताही वजनात घटतो, शिवाय सडतो, हे ज्या घरात दर वर्षी दिसते, त्या घरातील मुलाने नुसत्या ठेवण्याने माल कमी-जास्त होतो असे मानल्यास त्याला घाईने कच्चे ठरवू नये.

मक्याच्या कणसावरील दाण्यांच्या उभ्या ओळी नेहमी सम असतात, कारण दाण्यांच्या जागा जोडीने तयार होतात. त्यामुळे उत्तर विषम आले की चूक पालकालाही कळते, ही या साधनाची मोठी सोय होय. सुरुवातीच्या ओळीला खूण करण्यास मात्र विसरू नये. खूण न केल्यास मूल कणीस हातात फिरवीत राहते, पंधरा-सोळावर थांबण्याचे कारण त्याला सापडत नाही, आणि अठ्ठावीसपाशी मराठी भाषाच त्याला अडवते. एकोणतीस म्हणजे एकाने ऊन, अर्थात कमी, असे तीस. सबब जो तीस अजून आलेला नाही तो आधी आणून त्यातून एक वजा केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ही तऱ्हा एकोणनव्वदपर्यंत चालते आणि नव्व्याण्णवला कोणतेही कारण न देता सोडून दिली जाते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणित पुस्तकात एकवीस ऐवजी ‘वीस एक’ असे वाचण्याचा पर्याय दिला गेला, तेव्हा गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी त्यामागचे कारण शांतपणे समजावले, वाद विधिमंडळापर्यंत गेला, आणि आपण स्वतः एकोणसत्तर म्हणताना क्षणभर थांबतो ही गोष्ट असंख्य प्रौढांनी त्या काळात गुप्त ठेवली.

अंकओळखीसाठी वेगळा खर्च नको. विंचूर-प्रकाशा महामार्ग गावातूनच जात असल्याने ओट्यावर बसून ट्रॅक्टरच्या पाट्यांवरील मालेगावचा ४१ आणि नाशिकचा १५ वेगळा काढता येतो, आणि वाहतूक कोंडल्यास सरावाला भरपूर वेळ मिळतो.

गुलाबाई आणि भोंडला यांच्या सीमेवरील या मुलखात खिरापतीचा खेळ सर्वोत्तम मानावा. भोंडल्यात पहिल्या दिवशी एक गाणे नि एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, अशी चढती रीत आहे. नऊ दिवसांच्या मिळून खिरापती ४५ होतात. घरे रोज बदलत असल्याने पहिला दिवस मागून घेणारी आई सर्वांत गणितज्ञ समजावी. झाकलेला डबा कानाशी हलवून आतला पदार्थ ओळखायचा असतो: शेंगदाणे खडखडतात, लाडू एकदाच धडकतो, शिरा मौन पाळतो. मुलाने डबा हलवून पदार्थाऐवजी नगांची संख्या सांगितल्यास ते आधी स्वयंपाकघरात जाऊन आले आहे, असे समजावे.

अपूर्णांकांची घाई नको. पण साडेतीन मुहूर्तांपैकी दसऱ्याचा एक आणि दिवाळीतल्या पाडव्याचा अर्धा असे दीड मुहूर्त शरदातच पडतात आणि साडेतीन शक्तिपीठांतील अर्धे पीठ, वणीचा सप्तशृंगी गड, जवळच असल्याने मूल ‘अर्धा’ म्हणजे काय ते देवाधर्मातूनच शिकते, आणि गडावरच्या देवीचे हात १८ आहेत हे कळल्यावर अर्ध्या पीठाला एवढे हात कसे, असे विचारते.

शेवटी एक इशारा स्थानिक आहे. सटाण्याचे देवमामलेदार यशवंतराव महाराज यांनी १८७०-७१ च्या दुष्काळात सरकारी खजिना भुकेल्यांना वाटला आणि तपासणीच्या वेळी रक्कम पूर्ण भरली, ही कथा येथील प्रत्येक मुलाने ऐकलेली असते, आणि मार्गशीर्ष वद्य एकादशीच्या यात्रेपर्यंत ती पुन्हा पुन्हा ऐकवली जाते. त्यामुळे दहापैकी सात दाणे गिळून ‘दहाच आहेत’ असे सांगणाऱ्या मुलाला वजाबाकी शिकवण्यापूर्वी पालकाने ताटली हाती घेऊन, महाराजांच्या देवळाच्या दिशेला पाठ होणार नाही अशा बेताने बसून, दाणे एकदा स्वतः मोजून पाहावेत.